आधी वाळू, मग बीड

अगं, घरी तवा ओतायचा म्हणतेस, तर मी तुला नको म्हणणार नाही. नको म्हटलं की तू लपून करशील, आणि लपूनछपून करायचं हे काम नव्हे. फक्त पैसे वाचतील असं घरी सांगू नकोस. बिडाचा बरा तवा बाजारात हजाराच्या आतबाहेर मिळतो. तुझा पहिला धड तवा हातात येईपर्यंत मूस, कोक, वाळू, हातमोजे धरून त्याच्या कितीतरी पट पैसे गेलेले असतील. तुझा नवरा हिशेबी आहे, दुसऱ्या महिन्यात विचारेलच. ‘मला करून बघायचंय’ एवढं कारण पुरतं. तेवढ्यावर कुरकुर झाली तर त्याला माझ्याकडे पाठव.

आता मुद्द्याचं सांगते. या नादाला लागलेल्या प्रत्येकाचा जीव भट्टीत अडकलेला असतो. भट्टी किती मोठी, ब्लोअर कुठला, ज्वाला केवढी, यातच महिने जातात. मी इतकी वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत वाळू तपासण्याच्या खोलीत काढली, म्हणून माझा कल वाळूकडे, असं तू म्हणशील. म्हण. पण तव्याचं बरंवाईट बहुतेक वेळा बीड वितळायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि उरलेलं थंड झाल्यावर फोडून बघितल्याशिवाय कळत नाही. मधला लालभडक तमाशा दहा मिनिटांचा. तुझा वेळ तू आधीच्या आणि नंतरच्या कामाला दे.

वाळू नदीची नको, समुद्राची तर अजिबात नको. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्यातला चुना तापला की वायू सोडतो आणि तव्यावर भोकं पाडतो. आपल्याला सिलिका वाळू हवी. घाट उतरून गेलीस की कणकवली तालुक्यात कासार्ड्याला तिच्या खाणी आहेत. तुला पोतं-दोन पोती लागणार, ती कोल्हापुरात फाउंड्रीचा माल विकणाऱ्याकडे मिळतील. तिथंच बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी चिकट माती, आणि कोळशाची भुकटी घे. दहा किलो वाळूला पाऊण ते एक किलो बेंटोनाइट, तीनशे ग्रॅम कोळशाची भुकटी आणि तीनशे ते चारशे ग्रॅम पाणी. कोळशाची भुकटी कशाला, तर तप्त बीड आलं की ती जळते, वायूचा पातळ पडदा धरते आणि वाळू बिडाला चिकटत नाही. तवा साच्यातून गुळगुळीत निघतो तो तिच्यामुळे.

पाणी एकदम ओतू नकोस, शिंपडत जा. कालव, चाळ, पुन्हा कालव, आणि रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेव म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. सकाळी मूठभर घेऊन घट्ट दाब. रव्याचा लाडू वळताना पाक बरोबर जमलाय हे हाताला कळतं ना, तसंच इथं कळायला हवं: गोळा बोटांचे ठसे धरून राहतो, मोडला तर कडक तुटतो, तुटलेली कड ढासळत नाही. हाताला ओल लागली तर पाणी जास्त झालं. गोळा हातात फुटला तर कमी. आमच्याकडे ओल मोजायची यंत्रं होती, तरी जुने मोल्डर आधी मूठच दाबायचे आणि आकडा बघायला नंतर यायचे.

एक गोष्ट मात्र मी तुला दटावून सांगणार आहे. कोरडी सिलिका वाळू ढवळताना, चाळताना, झाडताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. सिलिकोसिस झालेली माणसं मी पाहिली आहेत. एन-९५ मास्क लावल्याशिवाय कोरड्या वाळूला हात लावायचा नाही, आणि मुलं आसपास असताना तर काढायचीच नाही. ओढणी तोंडावर घेतली म्हणजे भागत नाही.

पॅटर्नसाठी, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्यासाठी, सुतार शोधत बसू नकोस. बाजारातला एक साधा, सपाट, जरा जाड तवा आण आणि तोच पॅटर्न कर. त्याच्या कडा बाहेरच्या बाजूला किंचित कललेल्या आहेत ना, एवढं बघून घे, नाहीतर वाळूतून उचलताना साच्याची कड घेऊन वर येईल. बीड गोठून थंड होताना शेकडा एकच्या आसपास आक्रसतं, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरच्या तव्याची प्रत अडीच मिलिमीटरने लहान निघेल. तव्याला त्याने काही बिघडत नाही. झाकण करायला गेलीस तर बिघडेल. पॅटर्नला शंखजिऱ्याची पूड लावून घे, म्हणजे वाळू सुटते.

तवा साच्यात कुठल्या बाजूने ठेवायचा, हे नवशिक्यांना कुणी सांगत नाही. ज्या बाजूवर भाकरी भाजणार ती बाजू खाली. बिडात मळी असते, वायू असतो, वाळूचा सुटा कण असतो, आणि हे सगळं बिडापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं. वरची बाजू जे काही घाण असेल ते घेते. ती तव्याची पाठ असू दे, चुलीकडे तोंड करून राहील. साचा दोन खोक्यांत भरायचा, एक खाली, एक वर. खालच्या खोक्यात पॅटर्नवर आधी बारीक चाळणीने चाळलेल्या वाळूचा बोटभर थर दे, त्यावर बाकीची वाळू भरून ठोक. कडेला घट्ट ठोक, पॅटर्नच्या वर बेताने. फार घट्ट ठोकलीस तर वायूला वाट राहत नाही, सैल ठेवलीस तर बिडाच्या वजनाने वाळू दबते आणि तवा फुगीर निघतो. वरच्या खोक्यात जुन्या सायकलच्या स्पोकने भोकं पाड, पॅटर्नच्या बोटभर वर थांब. ही भोकं वायूसाठी.

आणि वरचं खोकं वजनाने दाबायला विसरू नकोस. पंचवीस सेंटिमीटरच्या तव्याचं क्षेत्रफळ धर ४९० चौरस सेंटिमीटर. बीड ओतायचं तोंड तव्यापेक्षा आठ सेंटिमीटर वर आहे. पातळ बिडाचा एक घन सेंटिमीटर सात ग्रॅमच्या आसपास भरतो. तिन्ही गुणून बघ: बीड वरच्या खोक्याला साडेसत्तावीस किलोंच्या जोराने वर ढकलतं. तव्यात बीड आहे दोन किलो, आणि जोर साडेसत्तावीस किलोंचा! खोकं केसभर जरी उचललं गेलं तरी बीड फटीतून चहूकडे पळतं, आणि ते पळतं तेव्हा तुझे पाय तिथंच असतात. वाळूचं वजन धरूनही वर दोन-तीन विटा ठेवून भागणार नाही. लोखंडी वजनं ठेव, हिशेबाच्या दुप्पट.

एवढं सगळं जमलं की लगेच भट्टी पेटवायची, असं नाही. साचे भरून बघ, पॅटर्न काढून बघ, पुन्हा वाळू मोडून पुन्हा भर. पॅटर्न काढल्यावर साच्याची कड तुटत नाही, नाळ, म्हणजे बीड आत जायची वाट, स्वच्छ राहते, दोन्ही खोकी न सरकता बसतात, इथपर्यंत हात बसू दे. यात बिडाचा एक थेंब लागत नाही आणि पैसाही लागत नाही. खरं सांगायचं तर मी तुझ्या जागी असते तर पहिले तवे एखाद्या लहान जॉबिंग फाउंड्रीत ओतून घेतले असते. आपली खोकी आणि पॅटर्न घेऊन जायचं, त्यांच्याच वाळूत आपल्या हाताने साचे भरायचे आणि त्यांच्या वितळणीतलं उरलंसुरलं बीड त्यात ओतायला सांगायचं. मालक आधी ‘ताई, इथं कशाला त्रास?’ म्हणेल. दोनदा गेलीस की तिसऱ्यांदा मोल्डर स्वतःच तुझं ठोकणं बघून नाक मुरडेल आणि दाखवील. त्या नाक मुरडण्यातून मिळतं ते कुठल्या वर्गात मिळत नाही. आयटीआयला फाउंड्रीमनचा ट्रेड आहे, तिथले निदेशकही भले असतात, विचारायला लाजू नकोस.

आधी अ‍ॅल्युमिनियम ओतून शिकावं असं सगळे म्हणतात. हात स्थिर व्हायला, सांडशीची सवय व्हायला ते ठीक आहे. पण त्यावर फार विसंबू नकोस. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हलकं असतं, अंगाला झळ कमी लागते. बिडाचे जे खरे नखरे आहेत ते त्यात दिसतच नाहीत. आणि भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमचं स्वयंपाकाचं भांडं करायचं नाही, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही.

बीड म्हणजे लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन. शुद्ध लोखंडाला वितळायला १५३८ अंश लागतात, कार्बन सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असला की तेच ११५० अंशांना पाझरायला लागतं. घरी बीड ओतणं शक्य होतं ते एवढ्या उतारामुळे. पण वितळलं म्हणजे ओतण्याजोगं झालं, असं समजू नकोस. तव्यासारख्या पातळ वस्तूला बीड १३५० ते १४०० अंशांवर हवं, म्हणजे ते साच्याच्या टोकापर्यंत धावेल आणि मगच गोठेल. रंगावरून अंदाज करू नकोस, उन्हात रंग फसवतो. इन्फ्रारेड बंदुकीने मोजायचं तर घेताना बघून घे, बहुतेक स्वस्त बंदुका त्या तापमानापर्यंत पोचतच नाहीत.

कपोला, म्हणजे कोक आणि बीड थरावर थर रचून पेटवायची उभी भट्टी, परसात करणारी माणसं आहेत. तू त्यात पडू नकोस. ती एकदा सुरू झाली की माणसांचा ताफा लागतो, आणि बीड थेट कोकला भिडतं म्हणून त्यातला गंधक उचलतं. पाच-सहा किलोंची सिलिकॉन कार्बाइडची मूस, भोवती भट्टीच्या विटा आणि सिरॅमिक फायबर, खाली कोक आणि ब्लोअर, एवढ्यात तुझं काम होतं. मूस एकदा बिडाची झाली की बिडाचीच. घरातलं गॅस सिलिंडर या कामाला लावायचं नाही, ते कायद्यातही बसत नाही.

जागा जमिनीवरची, उघडी. गच्ची नाही, गॅलरी नाही, शेडही नको, कोकमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. फरशीवर किंवा काँक्रीटवर ओतायचं नाही. काँक्रीटमध्ये ओल असते, बीड सांडलं की ती वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सतराशे पट जागा मागते. तुकडे उडतात, सोबत बीडही उडतं. खाली दहा सेंटिमीटर कोरड्या वाळूचा थर अंथर. विझवायला बादली ठेवायची ती कोरड्या वाळूची. मळी काढायची सळई, ढवळायची सळई, वाढीव टाकायचा भंगाराचा तुकडा, जे जे बिडात बुडणार ते आधी भट्टीच्या कडेला तापवून घ्यायचं. जून ते सप्टेंबर भट्टी पेटवायचीच नाही, आपल्या पावसात हवाच ओली असते.

कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन, पॉलिएस्टर अंगावर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे बूट, त्यावर पँटचा पाय बाहेरून, म्हणजे थेंब बुटात शिरत नाही. कोल्हापुरी चप्पल घालून भट्टीजवळ आलीस तर मी तिथूनच परत पाठवीन. चेहऱ्याला शील्ड, हाताला भट्टीचे मोजे. एकटीने कधी नाही. दुसरं माणूस हवंच, आणि त्या माणसाने गप्पा मारायच्या नाहीत.

भंगार कुठलं घ्यायचं? मोटारीचा ब्रेक ड्रम चांगला. घणाने फोड: बीड असेल तर तडकतं, पोलाद असेल तर वाकतं. तुटलेली बाजू राखाडी दिसायला हवी. ड्रमवर ब्रेकची धूळ असते, ती फुंकून उडवू नकोस, ओली करून पुसून काढ, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. आणि तुकडे नीट वाळव. शिलाई मशीनचे जुने पाय, रंगवलेले दरवाजे, जस्त चढवलेलं काहीही घेऊ नकोस, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि तुला त्यावर पोळ्या भाजायच्या आहेत. त्याहून बरं म्हणजे ओळखीच्या फाउंड्रीतून रनर-रायझरचे, म्हणजे ओतलेल्या वस्तूला बीड पुरवणाऱ्या वाटांचे, कापलेले तुकडे वजनावर आण. त्यांना त्यात काय आहे ते टक्क्यांनिशी माहीत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वितळणीत तवा ओतूच नकोस. नुसत्या पाचरी ओत.

पाचर म्हणजे वाळूत केलेला दहा सेंटिमीटर लांबीचा त्रिकोणी साचा, बुडाला दोन सेंटिमीटर रुंद आणि टोकाला धारदार. एका पाचरीत बीड तसंच ओत. दुसरीत ओतायच्या आधी मुशीत थोडं फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू, टाकून तापवलेल्या सळईने ढवळ. पाच किलो बिडाला ७५ टक्क्यांचं पंधरा-वीस ग्रॅम पुरतं, दोन-तीन मिलिमीटरचे कण करून, आणि टाकल्यापासून दहा मिनिटांच्या आत ओत, नंतर त्याचा गुण उतरतो. पाचरी वाळूतच काळ्या पडू देत. पूर्ण थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मध्ये तोड आणि तुटलेल्या बाजू उजेडात धर.

पहिलीच्या टोकाला तुला पांढरा, चकचकीत भाग दिसेल. नीट बघितलंस तर बारीक उभ्या रेषा काठाकडून आत गेलेल्या असतात. कानस फिरव, चरे पडत नाहीत, कानसच घसरते. तिथं बीड इतक्या घाईने गोठलं की कार्बनला सुटा व्हायला वेळच मिळाला नाही, तो लोखंडाला धरून कार्बाइड झाला. हे पांढरं बीड. जाड बुडाकडे येशील तसं मध्ये पांढऱ्या-राखाडी ठिपक्यांचा पट्टा येतो आणि मग एकसारखा राखाडी रंग. त्यावर बोट घास, काळं लागतं. तो ग्रॅफाइट. दुसऱ्या पाचरीत पांढरं टोक लहान असेल, कधी जेमतेम धारेपुरतं. फेरोसिलिकॉनने काय केलं ते तुला पुस्तकात वाचायची गरज राहणार नाही.

पांढरं जिथवर गेलंय तिथं पाचरीची रुंदी मोज. ती तव्याच्या जाडीला येऊन भिडत असेल तर तव्याचे काठ पांढरे होणार. निम्म्याहून खूप कमी असेल तर हरकत नाही. पांढरा काठ दिसायला वाईट नसतो, उलट चमकतो. पण गॅसवर ठेवून वरून थंड पाणी शिंपडलंस की तडकतो, ग्राइंडर लावलास तर चाक खातो. बीड कुठल्या कामाला आहे त्यावर हे सगळं असतं बघ. नांगराचा फाळ मातीत झिजू नये म्हणून साच्यात लोखंडी तुकडा बसवून त्याचं टोक मुद्दाम पांढरं करायची रीत ओतकामात जुनी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती नांगरांसाठी, आणि तिकडचं बीडकाम आपल्या भागात अजून नावाजलं जातं. पण नांगराला हवं ते तव्याला नको.

याच सिलिकॉनवरून एक जुनी हकिकत. इंग्लंडात ब्रिस्टलला अब्राहम डार्बी पितळेची भांडी करायचा. गरिबाला परवडावीत म्हणून तो बिडाच्या भांड्यांच्या मागे लागला, आणि वाळूत पातळ भांडं ओतणं त्याच्या माणसांना काही केल्या जमेना. शेवटी जॉन थॉमस नावाच्या उमेदवार पोराच्या हाताने ते साधलं. १७०७ मध्ये डार्बीने वाळूत बिडाची भांडी ओतायचं पेटंट घेतलं. घराण्याच्या आठवणीत असं सांगतात की गुपित फुटू नये म्हणून ते दाराचं कुलपाचं भोकसुद्धा बुजवून काम करायचे. दोन वर्षांनी, १७०९ मध्ये कोलब्रुकडेलला त्याने लोणारी कोळशाऐवजी कोकवर लोखंड गाळलं. कोकवरच्या त्या लोखंडात सिलिकॉन जास्त उतरायचं, ते पातळ साच्यात चांगलं धावायचं आणि पांढरं कमी पडायचं. म्हणून त्याच्या हंड्या-पातेल्यांना ते सोयीचं झालं. तू जे पंधरा-वीस ग्रॅम मुशीत टाकतेस, ते त्याला भट्टीतूनच मिळत होतं.

पाचरी मनासारख्या आल्या की मग तवा. पहिला चार मिलिमीटरचा करू नकोस. बाजारातला पातळ तवा बघून मोह होईल, पण ते हात वर्षानुवर्षांचे असतात. सहा मिलिमीटर ठेव. पंचवीस सेंटिमीटरचा तवा दोन किलोंच्या थोडा वर भरतो, नाळ आणि दांडा धरून तीन-साडेतीन किलो बीड लागेल. रायझरची फार काळजी नको, राखाडी बिडात गोठताना ग्रॅफाइट सुटतं ते आक्रसणं बरंचसं भरून काढतं. ओतायला लागलीस की थांबायचं नाही, धार बारीक करायची नाही, नाळेचं तोंड भरलेलं ठेवायचं. पाच-सहा सेकंदांत साचा भरायला हवा. भीतीने हात आखडतो, तो आखडला की तवा गेला.

मग वाट बघ. खरंच बघ. लाल असताना उघडलास तर तवा वाकतो, किंवा काठ घाईने थंड होऊन तडकतो. वाळूतच राहू दे, रात्रभर राहिला तरी काही बिघडत नाही. सकाळी चहा झाल्यावर उघड.

आणि आता जे निघेल ते बहुधा तवा नसेल. त्याला नावं ठेवू नकोस, वितळायलाही टाकू नकोस. आधी वाच. काठ अर्धवट, गोल ओठाचा राहिला असेल तर बीड पोचायच्या आधी गोठलं: थंड ओतलंस, सावकाश ओतलंस, किंवा नाळ अरुंद होती. पृष्ठभागावर शिवणीसारखी रेघ दिसली तर दोन बाजूंनी आलेलं बीड भेटलं पण एकजीव झालं नाही. ही रेघ फसवी असते, तवा साजरा दिसतो आणि मग एक दिवस गॅसवर बरोबर तिथंच फुटतो. त्या तव्याला स्वयंपाकघरात आणू नकोस. आतून गुळगुळीत, चकचकीत भोकं असली तर ती वायूची, वाळूत पाणी जास्त किंवा स्पोकची भोकं कमी. ओबडधोबड, आत वाळूचे कण अडकलेली असली तर साच्याची कड सुटून वाहून आली. काचेसारखं काळं काही चिकटलं असेल तर मळी नीट काढली नव्हतीस. खडबडीत पाठ सोडून दे, ती वाळूची चाळणी बदलली की जाते.

हे वाचून झालं की एकच गोष्ट बदल. पाणी कमी केलंस तर नाळ तीच ठेव. नाळ रुंद केलीस तर पाणी तेच ठेव. तुझा स्वभाव मला माहीत आहे, एका वेळी पाच गोष्टी बदलशील आणि तवा चांगला निघाला तरी कशाने निघाला ते कळणार नाही. वही ठेव. पाणी किती, फेरोसिलिकॉन किती आणि टाकल्यावर किती मिनिटांनी ओतलंस, भंगार कुठलं, ऊन होतं की ढग. आणि प्रत्येक फसलेल्या तव्याचा एक तुकडा तोडून, तारीख घालून खोक्यात ठेव. आमच्या खोलीत असं एक कपाट होतं, नवीन पोरगा आला की त्याला आधी तेच दाखवायचे.

धड निघालेल्या तव्याचा दांडा धरून बोटाच्या मागच्या बाजूने टकटक कर. स्वच्छ नाद यायला हवा. खर्रकन आवाज आला तर कुठंतरी भेग आहे, दिसत नसली तरी. नाळेचा तुटका भाग ग्राइंडरने घास, चष्मा आणि मास्क लावून. मग कोमट पाण्याने घासून लगेच वाळव, गॅसवर मंद तापव, जवसाचं किंवा शेंगतेलाचं बोट फिरवून पुसून टाक, अगदी पुसून, चिकट थर राहता कामा नये. असं चार-पाचदा. पुढे कांदा भाजून घे, धिरडी कर. आंबट काही लवकर त्यावर शिजवू नकोस.

पहिला तवा कुणाला भेट देऊ नकोस, विकायचं तर मनातही आणू नकोस. महिनाभर रोज तू वापर. लपलेली शिवण किंवा भेग असेल तर ती तापण्या-थंड होण्यातच उघडी पडते, आणि ती तुझ्या ओट्यावर पडू दे, वहिनीच्या नको. आईला द्यायचा असेल तर ती म्हणेल ‘जड आहे गं’, तेही खरंच आहे, सहा मिलिमीटरचा तवा तिच्या मनगटाला झेपणार नाही. तिच्यासाठी लहान कर, वीस सेंटिमीटरचा.

आणि हो, परवा फोनवर तू कढईबद्दल बोलत होतीस. एवढ्यात नाही. कढई खोल असते, ओतायचं तोंड तिच्या बुडापेक्षा बरंच वर जातं, म्हणजे मघाशी केलेल्या हिशेबातला आठचा आकडा वाढतो आणि वरचं खोकं आणखी जोराने उचललं जातं. त्यात आतली पोकळी धरून ठेवणारा वाळूचा घुमट एका बाजूला जरी सरकला तरी कढईची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते, आणि पातळ बाजू पांढरी पडते. तव्याच्या वहीत सलग चार पानं ‘ठीक’ लिहिली गेली की मला सांग. खोल खोकी माझ्याकडे पडून आहेत, ती घेऊन मीच येईन.